राखीव प्रत, चालू फाइल-प्रणालीची

राखीव प्रत, चालू फाइल-प्रणालीची : संगणकाच्या तबकडीवर साठविलेल्या फायली आणि त्या कोठे व कशा ठेवल्या आहेत हे दाखविणारी सूचिव्यवस्था यांना एकत्रितपणे फाइल-प्रणाली म्हणतात. तबकडी नादुरुस्त झाल्यास, चुकीने फाइल पुसली गेल्यास किंवा आग, पूर, घातपात यांमुळे संगणकच निकामी झाल्यास माहिती परत मिळावी म्हणून या फायलींची दुसरी प्रत चुंबकीय फितीवर, निराळ्या तबकडीवर किंवा दूरच्या संगणकावर करून ठेवतात. या प्रतीस राखीव प्रत आणि व्यवहारात ‘बॅकअप’ असे म्हणतात. प्रत घेतली जात असताना फायलींवर कोणी लिहीत नसेल, तर हे काम निव्वळ नकलेचे असते. तथापि संगणकावरील कामकाज चालू ठेवूनच प्रत घेतली गेली, तर तयार झालेली प्रत मूळ फाइल-प्रणालीच्या कोणत्याही एका क्षणीच्या स्थितीशी जुळेलच असे नाही. अशी प्रत दिसावयास पूर्ण असते, ती घेणारा कार्यक्रम काम यशस्वी झाल्याची नोंदही करतो. दोष उघडकीस येतो तो बहुधा मूळ माहिती नष्ट झाल्यानंतर, म्हणजे त्या प्रतीची खरी गरज पडते तेव्हा.

या अडचणीचे स्वरूप भांडारातील मालमोजणीच्या उदाहरणाने चांगले स्पष्ट होते. खडकी (पुणे) येथे दारूगोळा कारखाना (स्थापना १८६९) व लष्करी सामग्रीची मोठी भांडारे आहेत. अशा एखाद्या भांडारात दोन गोदामे आहेत व मोजणी करणारा कारकून प्रथम पहिले, नंतर दुसरे गोदाम मोजतो असे समजू. पहिल्याची मोजणी संपल्यावर आणि दुसऱ्याची सुरू होण्यापूर्वी एक पेटी दुसऱ्यातून पहिल्यात हलविली गेली, तर ती यादीत कोठेच येत नाही. उलट दिशेने हलविली गेली, तर ती दोनदा मोजली जाते. कारकुनाने प्रत्येक गोदाम अचूक मोजलेले असते, तरीही एकंदर यादी चुकीची ठरते. म्हणूनच मोजणीच्या वेळी मालाची आवकजावक बंद ठेवण्याची किंवा त्या काळातील प्रत्येक हालचाल वेळेसह निराळी नोंदण्याची रीत पडली आहे. फाइल-प्रणालीच्या बाबतीत शोधण्यात आलेले बहुतेक सर्व उपाय याच दोन रीतींचे प्रकार आहेत.

धोके कशामुळे उद्भवतात : प्रत घेण्यास वेळ लागतो, हे या सर्व दोषांचे मूळ कारण होय. सेकंदास १०० मेगाबाइट या वेगाने १ टेराबाइट माहिती वाचण्यास १०,००० सेकंद, म्हणजे सुमारे पावणेतीन तास लागतात. या अवधीत सुरुवातीस वाचलेली फाइल पावणेतीन तासांपूर्वीची, तर शेवटी वाचलेली फाइल आत्ताची असते. प्रतीमध्ये मात्र त्या दोन्ही शेजारी शेजारी एकाच तारखेखाली बसतात.

एकाच फाइलीतही हा प्रकार घडतो. १० गिगाबाइटची फाइल वरील वेगाने वाचण्यास १०० सेकंद लागतात. तेवढ्यात तिच्या आरंभी व अखेरीस बदल झाला, तर प्रतीत आरंभ जुना व अखेर नवी अशी स्थिती येते. अशी फाइल मूळ तबकडीवर कधीही अस्तित्वात नव्हती. केवळ शेवटी वाढत जाणाऱ्या फायलींच्या बाबतीत हा दोष सौम्य असतो. उदा., नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीसारख्या उपकरणातून येणारी निरीक्षणे फाइलीच्या शेवटी भरली जातात व नंतर सहसा बदलली जात नाहीत; अशा फाइलीची प्रत मध्येच घेतली तर फार तर तिचा शेंडा कापला जातो. याउलट ज्या फाइलीत मध्ये कोठेही भर व खोड होते, त्या आधारसामग्रीच्या फायली या दोषाने पुरत्या निरुपयोगी होऊ शकतात.

परस्परावलंबी फायलींमधील विसंगती हा सर्वांत गंभीर दोष मानावा लागेल, कारण त्यात प्रत्येक फाइल तपासली असता निर्दोष आढळते. समजा, एका पतसंस्थेत ‘क’ व ‘ख’ या खात्यांच्या नोंदी दोन फायलींत आहेत. ‘क’ची फाइल १० वाजता वाचली गेली तेव्हा शिल्लक २,००० रु. होती. १० वाजून ५ मिनिटांनी ‘क’मधून ५०० रु. ‘ख’मध्ये वर्ग झाले आणि १० वाजून १० मिनिटांनी ‘ख’ची फाइल वाचली गेली. प्रतीमध्ये ‘क’चे २,००० रु. कायम राहतात आणि ‘ख’मध्येही ५०० रु. वाढलेले दिसतात; संस्थेच्या एकूण ठेवी नसलेल्या ५०० रुपयांनी फुगतात. वाचण्याचा क्रम उलटा असता, तर तेवढीच रक्कम नाहीशी झाली असती. मजकुराची फाइल आणि तिची अनुक्रमणिका, पत्रे आणि पत्रपेटीची सूची, मालमत्तेची नोंदवही आणि कराची नोंदवही अशा सर्वच जोड्यांना हे लागू पडते.

फायलींची नावे किंवा जागा बदलल्याने होणारी चूक वर गोदामाच्या उदाहरणात आलीच आहे. एका निर्देशिकेतून दुसरीत हलविलेली फाइल दोन्हीकडून निसटणे हे वापरणाऱ्याच्या दृष्टीने अतर्क्य असते, कारण त्याने ती पुसलेली नसते व प्रत घेणाऱ्या कार्यक्रमाने ती टाळलेलीही नसते.

प्रत घेण्याच्या पद्धतीनुसार दोषांची रूपे पालटतात. युनिक्स या परिचालन प्रणालीतील ‘टार’ हा कार्यक्रम प्रत्येक फाइलीपूर्वी एक मथळा लिहितो व त्यात फाइलीचा आकार नोंदवतो. मजकूर त्यानंतर वाचला जातो. दरम्यान फाइल वाढली, तर मथळ्यातील आकारापलीकडचा भाग गाळला जातो. ती आखूड झाली, तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते. या कार्यक्रमाची प्रचलित आवृत्ती वाचताना फाइल बदलल्याची सूचना देते. तथापि रात्री आपोआप चालणाऱ्या कामाच्या सूचना सकाळी कितीजण वाचतात, हा प्रश्न उरतोच.

युनिक्सवरील ‘डम्प’ हा कार्यक्रम निराळ्या रीतीने काम करतो. तो फायली नावाने न उघडता तबकडीवरील रचना थेट वाचतो. प्रत्येक फाइलीस तबकडीवर एक क्रमांकित नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. फाइलीचा आकार, मालकी, वेळा व तिच्या मजकुराचे खंड कोठे आहेत ही माहिती त्यात असते. डम्प प्रथम कोणत्या आयनोडांची प्रत घ्यावयाची याची यादी करतो, नंतर त्यांकडे नेणाऱ्या निर्देशिका शोधतो, मग निर्देशिका व शेवटी फायली फितीवर उतरवतो. पहिल्या व शेवटच्या फेरीच्या दरम्यान एखादी फाइल पुसली गेली व तिचा आयनोड क्रमांक नव्या फाइलीला मिळाला, तर जुन्या नावाखाली नवा मजकूर साठविला जातो. तो क्रमांक एखाद्या निर्देशिकेस मिळाला असेल, तर साधी फाइल म्हणून यादीत असलेली वस्तू फितीवर निर्देशिकेच्या रूपाने येते व माहिती परत उतरविण्याचे कामच बिघडू शकते.

थेट तबकडी वाचण्यात आणखी एक अडचण आहे. संगणक लिहिलेला मजकूर लगेच तबकडीवर न पाठविता काही काळ मध्यवर्ती स्मृतीत राखून ठेवतो. त्यामुळे तबकडीवरील स्थिती प्रत्यक्ष स्थितीच्या मागे असते, आणि सूचिव्यवस्था नवी पण मजकूर जुना, किंवा याच्या उलट, असेही घडते. लिनक्स या प्रणालीच्या २.४ या आवृत्तीत फायलींचा मजकूर आणि तबकडीचे खंड यांसाठी स्मृतीतील राखीव जागा वेगवेगळ्या झाल्या. तेव्हा या प्रणालीचे जनक लीनस टॉर्व्हाल्ड्झ यांनी, वापरात असलेल्या फाइल-प्रणालीवर डम्प विश्वासार्ह चालणार नाही, असे एप्रिल २००१ मध्ये स्पष्टपणे सांगितले. त्यांचा सूर कठोर होता आणि डम्पच्या पुरस्कर्त्यांना तो रुचला नाही. तांत्रिक मुद्दा मात्र बिनतोड होता.

फक्त बदललेल्या फायलींची प्रत घेण्याच्या वृद्धिशील पद्धतीत वेळेच्या नोंदीवर भिस्त असते. मागील प्रत सुरू झाली ती वेळ प्रमाण न मानता ती संपली ती वेळ मानली गेली, तर मधल्या अवधीत बदललेल्या फायली दोन्ही खेपांतून सुटतात. केवळ वाचण्यानेही फाइलीच्या शेवटच्या वापराची वेळ बदलते. ती पूर्ववत करावी, तर आयनोडातील बदलाची वेळ पालटते आणि पुढील खेपेस न बदललेल्या फायलीही बदललेल्या भासतात. विंडोज प्रणालीत याहून ढोबळ प्रकार आढळतो : दुसऱ्या कार्यक्रमाने केवळ स्वतःसाठी उघडून ठेवलेली फाइल वाचताच येत नाही आणि ती प्रतीतून वगळली जाते. दिवसभर उघडी असणारी पत्रपेटी किंवा हिशेबाची फाइल ही नेमकी सर्वांत मोलाची असते.

अभ्यास : हे धोके प्रणाली-व्यवस्थापकांना अनुभवाने ठाऊक असले, तरी त्यांचा पद्धतशीर विचार १९९१ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रणाली-प्रशासनविषयक परिषदेत मांडला गेला. स्टीव्ह शमवे यांनी चालू स्थितीतील प्रतींच्या अडचणींचे विवेचन केले, तर एलिझाबेथ झ्विकी यांनी टार, डम्प इ. कार्यक्रमांची मुद्दाम कठीण परिस्थितीत परीक्षा घेऊन, प्रत घेतली जात असता बदलणाऱ्या फायलींचे काय होते हे तपासले. कोणताही कार्यक्रम सर्व कसोट्यांस उतरला नाही. याआधी १९८५ मध्ये के. मणी चंडी व लेस्ली लॅम्पोर्ट यांनी अनेक संगणकांत विखुरलेल्या आणि सतत बदलणाऱ्या प्रणालीची सुसंगत स्थिती कशी टिपावी याची रीत दिली होती. त्यांनी विचारलेला प्रश्न फाइल-प्रणालीलाही लागू पडतो : एका दृष्टिक्षेपात न मावणाऱ्या व हलत्या दृश्याची छायाचित्रे तुकड्यातुकड्यांनी घेऊन जोडली, तर त्यातून अर्थपूर्ण चित्र केव्हा तयार होते? सर्व तुकडे एकाच क्षणाचे असले पाहिजेत असे नाही. परिणाम दिसतो पण त्याचे कारण दिसत नाही, असे मात्र चित्रात असता कामा नये.

उपाय : सर्वांत जुना व खात्रीचा उपाय म्हणजे काम थांबविणे. युनिक्स संगणक एकवापरी अवस्थेत नेऊन किंवा फाइल-प्रणाली वापरातून काढून रात्री फिती भरण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. असा बंदकाळ सार्वजनिक सेवांतही परिचित आहे. १९८०–९० या दशकात सीएमसी या शासकीय कंपनीच्या साहाय्याने भारतीय रेल्वेची संगणकीय आरक्षण प्रणाली उभी राहिली आणि १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे परस्परांशी जोडली गेली. या प्रणालीवरील आरक्षण अनेक वर्षे मध्यरात्रीच्या सुमारास काही मिनिटे दररोज देखभालीसाठी बंद ठेवले जात असे. प्रवाशाला त्याचा त्रास वाटतो, पण फायली स्थिर असलेला असा अवकाश मिळणे ही प्रत घेणाऱ्याच्या दृष्टीने चैनच होय. या प्रणालीसाठी वापरल्या गेलेल्या व्हीएमएस या परिचालन प्रणालीत, लिहिण्यासाठी उघडलेल्या फायलीची प्रत एरवी नाकारली जाते; ‘इग्नोअर=इंटरलॉक’ हे विशेषण आज्ञेस जोडले तर ती घेतली जाते, परंतु तिच्यातील मजकूर सुसंगत असल्याची हमी मिळत नाही. धोका वापरणाऱ्याने जाणीवपूर्वक पत्करावा, अशी ही योजना आहे.

बंदकाळ मात्र दिवसेंदिवस दुर्मिळ झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशातील तेव्हाच्या ६२ कटक मंडळांसाठी ‘ई-छावणी’ हे संकेतस्थळ सुरू झाले. खडकी कटक मंडळ त्यांपैकी एक होय. पूर्वी कटक मंडळाच्या कार्यालयाचे दार संध्याकाळी बंद झाले की नोंदवह्याही बंद होत. संकेतस्थळावर अर्ज केव्हाही येऊ शकतो, तेव्हा ‘सर्व वह्या मिटलेल्या आहेत’ असा क्षण आपोआप येत नाही; तो कृत्रिम रीतीने निर्माण करावा लागतो.

असा क्षण निर्माण करण्याच्या तंत्रास क्षणचित्र किंवा स्नॅपशॉट म्हणतात. यात सर्व मजकूर लगेच नकलला जात नाही. क्षणचित्र घेतल्यानंतर एखाद्या खंडावर प्रथमच लिहिण्याची वेळ आली, की त्यातील जुना मजकूर बाजूस काढून ठेवला जातो व मग नवा लिहिला जातो. प्रत घेणाऱ्या कार्यक्रमास बदललेले खंड बाजूच्या जागेतून व न बदललेले मूळ जागेतून वाचावयास मिळतात. त्यामुळे प्रत घेण्यास कितीही तास लागले, तरी ती त्या एकाच क्षणाची होते. दुसऱ्या प्रकारात जुन्या खंडावर कधीच लिहीत नाहीत. नवा मजकूर नव्या जागी लिहून फक्त मुळाकडील दर्शक बदलतात. जुना मुळदर्शक जपून ठेवला की क्षणचित्र तयार होते. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या नेटॲप या अमेरिकी कंपनीची ‘वॅफल’ ही फाइल-प्रणाली या प्रकारची असून तिचे वर्णन डेव्हिड हिट्झ, जेम्स लाऊ व मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. फ्रीबीएसडीच्या ५.० या आवृत्तीत (२००३) डम्प हाच जुना कार्यक्रम क्षणचित्रावरून चालविण्याची सोय झाली व त्याच्यावरील मुख्य आक्षेप त्या प्रणालीपुरता दूर झाला.

क्षणचित्राने सर्व प्रश्न सुटतात असा समज आहे, तो बरोबर नाही. क्षणचित्रातील स्थिती ही त्या क्षणी वीज अचानक गेली असती तर तबकडीवर जी उरली असती, तशी असते. कार्यक्रमांच्या स्मृतीत असलेला पण तबकडीवर न पोहोचलेला मजकूर त्यात नसतो. अपघातातून सावरण्याची क्षमता असलेल्या कार्यक्रमांना ही स्थिती पुरते. ज्यांत ती नाही, त्यांची अर्धवट लिहिलेली फाइल क्षणचित्रातही अर्धवटच राहते. विंडोज सर्व्हर २००३ मधील छायाप्रत सेवा यासाठी क्षणचित्रापूर्वी आधारसामग्री, पत्रव्यवहार इ. कार्यक्रमांना सूचना देऊन हातातील मजकूर तबकडीवर लिहावयास लावते व क्षणभर लेखन रोखून धरते. लिनक्सवरही फाइल-प्रणाली गोठविण्याची आज्ञा उपलब्ध आहे. पण ती कार्यक्रमांच्या पोटातील मजकुरापर्यंत पोहोचत नाही. आधारसामग्री एका तबकडीवर व तिची रोजनोंद दुसऱ्या तबकडीवर असेल, तर दोहोंची क्षणचित्रे एकाच क्षणी घेणे आवश्यक असते. काही सेकंदांचा फरकही गोदामांच्या उदाहरणातील चूक पुन्हा घडवितो. बाजूच्या जागेची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. लिनक्सवरील जुन्या पद्धतीच्या क्षणचित्रात ती जागा भरली, की क्षणचित्र बाद होते, आणि हे प्रत घेतली जात असताना मध्येच होऊ शकते. शिवाय क्षणचित्र मूळ तबकडीवरच असल्याने तबकडीबरोबर तेही नष्ट होते. ते राखीव प्रत घेण्याचे साधन आहे, स्वतः राखीव प्रत नव्हे.

आधारसामग्री प्रणालींनी मालमोजणीतील दुसरी रीत, म्हणजे हालचालींची निराळी नोंद, पूर्णत्वास नेली. ओरॅकल प्रणालीत प्रत सुरू करण्याची आज्ञा दिल्यावर त्यानंतर प्रथमच बदलणाऱ्या प्रत्येक खंडाचे संपूर्ण चित्र पुनर्लेखन-नोंदीत उतरविले जाते. फाइलीची प्रत अर्धा जुना व अर्धा नवा अशा भंगलेल्या खंडांनी भरली, तरी हरकत नसते. परत उतरविताना नोंदीतील पूर्ण खंडांनी ती दुरुस्त होते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या ८.० या आवृत्तीपासून (२००५) अशीच सोय आहे. मात्र येथे फायलींच्या प्रतीबरोबर त्या काळातील नोंदीही जपणे अपरिहार्य असते. नुसत्या फायली उचलून नेणारा माणूस मोजणीची यादी नेतो, पण आवकजावकीची वही मागे ठेवतो. एसक्यूलाइटसारख्या छोट्या आधारसामग्रीत हीच चूक अधिक सहज होते, कारण मुख्य फाइलीशेजारची रोजनोंदीची फाइल तात्पुरती वाटून वगळली जाते.

दुसऱ्या ठिकाणी सतत अद्ययावत राहणारी जोडप्रत ठेवणे हा याहून वेगळा उपाय आहे. त्यात तबकडी बिघडण्यापासून संरक्षण मिळते. पण चुकीने पुसलेली फाइल जोडप्रतीतूनही तत्काळ पुसली जाते. दोन ठिकाणे जोडणारे दुवे हे नवे मर्मस्थानही ठरते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले व ते दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले. दूरसंचार दुव्यांतील बिघाडाचा परिणाम साठवण-यंत्रणेवर होऊन धोका-व्यवस्थापन प्रणाली अनुपलब्ध झाली, असे बाजाराने नंतर स्पष्ट केले.

पुण्यातील कार्य : पुणे शहराचा या विषयाशी निर्मितीच्या अंगानेही संबंध आहे. फाइल-प्रणाली व राखीव प्रतींच्या क्षेत्रातील व्हेरिटास या अमेरिकी कंपनीचे मोठे विकास केंद्र पुण्यात होते. या अनुभवातून तयार झालेल्या अभियंत्यांनी पुढे स्वतंत्र उद्योगही काढले. जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे व रमणी कोठंडरामन यांनी २००८ मध्ये पुण्यात सुरू केलेली द्रुवा ही कंपनी त्यांपैकी प्रमुख होय. कर्मचाऱ्यांच्या संगणकांवरील चालू फायलींची प्रत त्यांच्या कामात व्यत्यय न आणता दूरच्या साठवणीत पाठविणे, हे तिचे आरंभीचे कार्यक्षेत्र होते.

प्रतीची परीक्षा : राखीव प्रत सुसंगत आहे की नाही, हे ती घेतानाच्या संदेशांवरून ठरत नाही. ती निराळ्या संगणकावर उतरवून, आधारसामग्री चालू करून, बेरजा व अनुक्रमणिका मूळाशी ताडून पाहणे हीच कसोटी होय. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेत मुख्य आधारसामग्रीची निर्देशिका चुकीने पुसली गेली. तेव्हा नेहमीच्या प्रती आवृत्तिभेदामुळे तयारच होत नव्हत्या, असे आढळून आले. चाचणीच्या संगणकासाठी सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या क्षणचित्रावरून बहुतेक माहिती परत मिळाली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या. लहान कार्यालयांत अशी चाचणी क्वचितच होते, कारण तिला लागणारा दुसरा संगणक व एक मोकळा दिवस यांचा खर्च अंदाजपत्रकात सहसा धरलेला नसतो. निदान दर तिमाहीस एक प्रत पूर्णपणे उतरवून पाहावी आणि प्रत घेण्यास लागलेल्या वेळेबरोबर ती उतरविण्यास लागलेली वेळही नोंदवावी. उतरविण्याचे काम पुष्कळदा अधिक वेळ घेते आणि कार्यालय किती तास बंद राहील हे त्यावरूनच कळते.